खिडकीपुढचा फीडर

नको, बूट काढू नकोस, ब्रेंट. आत घेणारच नाहीये तुला, तर बूट कशाला काढतोस? – इथेच दारात उभा राहा, आणि हळू बोल, रेनो जागा आहे. माहितीये मला कशाला आलायस. पाखरांच्या दाण्याचा फीडर उतरवा म्हणायला. पक्षीवाल्यांच्या क्लबाने पाठवलं ना? सगळ्या थंडर बे शहरात सिस्किन पाखरं मरतायत, दाण्यावर गर्दी करतात, एकमेकांच्या घाणीत चोची घालतात, रोग पसरतो – फीडर काढा, पाखरं पांगू द्या – अरे, मला शिकवतोस? तुला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून ऐकतेय हे! हा नियम क्लबात केला कुणी? रेनोनेच की. जो फीडर काढणार नाही त्याच्या दारात जाऊन भांडायचा हा माणूस.

पण आमचा नाही उतरणार. सांग जा त्यांना. – का म्हणजे? पलंग दिसतोय ना खिडकीशी? अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून धड जेवत नाही तो. माझ्या हातचं सूप तोंडात धरून बसतो, गिळत नाही. पण समोर पाखरं उतरली की गिळतो. जगायचं नाहीये हेच विसरतो बहुतेक. सिस्किन आले की दोन घास, ते पिवळे गलेलठ्ठ ग्रोसबीक आले की वाटीभर. आणि ही काय दर हिवाळ्यात येतात? तिकडे उत्तरेत झाडांना बी धरलं नाही की भुकेने इकडे येतात. यंदा तिकडे दुष्काळ पडला म्हणून माझा नवरा जगला, बाबा. पुढच्या वर्षीचा भरवसा तू देतोस?

सवत आहे ही पाखरं माझी, सवत! आमची हेल्मी जन्मली तेव्हा हा गडी धान्याच्या कोठारांमागे क्रॉसबिल शोधत हिंडत होता. आणि आता मीच रोज सवतीला दाणे घालते – घालते की, दुसरं काय करू?

मरतात ना. मी कुठे नाही म्हणते? एखादं फुगून बसलेलं असतं, हात लावला तरी उडत नाही. तो डोळे उघडायच्या आत मी जाते, बर्फातून उचलते, मागच्या शेडमध्ये टाकते. थंडीत वास येत नाही. बादली भरलीये – असा बघू नकोस माझ्याकडे! इथे नाही तर पलीकडच्या गल्लीत मेलीच असती. त्याला काही कळलेलं नाही, आणि कुणी सांगितलं तर बघ –

काय?

क्लबाने नाही पाठवलं? मग कुणी –

त्याने? फोन? कसा करेल, त्याला पाणी मागायला शब्द फुटत नाही, बोटाने दाखवतो! – काय म्हणाला? नाही, नीट सांग, नेमकं काय म्हणाला? – ‘आजारी. सिस्किन. उतरव.’ एवढंच? – अरे, एवढंच म्हणतोस? उन्हाळ्यापासून एका शब्दासाठी जीव टाकतेय मी इथे. माझं नावसुद्धा आलं नाही त्याच्या तोंडून. आणि तुला अख्खं बोलणं!

म्हणजे मी बर्फात वाकायचे तेव्हा हा झोपलेला नव्हता. डोळे मिटून पडायचा, आणि मग बघायचा. आणि फीडर गेला की आपलं काय होणार, ते कळत नाही त्याला? चांगलं कळतं. चांगलं कळतं मेल्याला!

नाही, रडत नाहीये. शिडी गॅरेजमध्ये आहे. घराला वळसा घालून जा, आणि काढलास की घेऊनच जा, धुऊन परत आणून देऊ नकोस. – आणि आता नको, ब्रेंट. अर्ध्या तासाने काढ. त्याची जेवायची वेळ झालीये.