रुमालावर राहिलेलं

नाही हो सिस्टर, का पीत नाहीत ते मला कळलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? बसा ना, त्या खुर्चीवरचे कपडे सरकवा — हां, राहू दे तिथेच. परवापासून पाण्याचा घोट नाही पोटात. चमचा लावला की ओठ घट्ट मिटून घेतात. जीभ बघितलीत ना बाबांची, लाकडासारखी झालीय? असा माणूस किती टिकणार? तुम्ही सलाईन लावा, एवढंच माझं म्हणणं. हट्टी तर पहिल्यापासूनच — आई म्हणायची, सुंभ जळेल पण ह्यांचा पीळ काही जायचा नाही.

शाळेत विज्ञान शिकवायचे ना. मिश्रणं वेगळी करायची, तो त्यांचा लाडका धडा. आता मी कोण तेसुद्धा आठवत नाही, मला ‘बाई’ म्हणतात, पोटच्या पोरीला — पण वाळू, मीठ आणि लोखंडाचा कीस एकत्र करून पुढ्यात ठेवा, हात कसे बरोबर चालतात बघा. आधी लोहचुंबक फिरवायचं, मग पाणी घालायचं, मग रुमालातून गाळायचं, आणि ते पाणी ताटलीत ओतून खिडकीत उन्हाला ठेवायचं. संध्याकाळी मीठ तयार. आणि ते झोपले की मी सगळं परत एकत्र करून ठेवते — काय करू मग? हसा, हसा, मलाही हसू यायचं आधी. पण सकाळी उठून त्याच उत्साहानं बसतात हो, आणि तेवढा वेळ घरात शांतता असते.

साखरेचं मात्र असं सरळ नाही. मीठ गुणी, पाणी गेलं की मुकाट्यानं मागे राहतं. साखर चिकटून बसते, पाक होतो, मुंग्या लागतात, आणि घाई करून आच वाढवली की करपून कोळसा. एकदा त्यांनी शेगडीवर चढवली ती साखर, आणि पडदा पेटला. तेव्हापासून शेगडीची बटणं काढून मी पर्समधून कामावर नेते. म्हणजे — हो, दिवसा एकटेच असतात. दुसरं कोण आहे? भाऊ फोनवर सांगतो, बाबांना जप. त्याला काय, दुरून डोंगर साजरे. दार बाहेरून लावून जाते मी, लपवायचं काय त्यात? नव्हतं लावलं तेव्हा चालत शाळेत गेले, भरल्या वर्गात शिरून शिकवायला लागले. शिपाई दंडाला धरून घेऊन आला, सगळी गल्ली बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग दुपारभर झोपलेले बरे, की नाही? आणि गोळी डॉक्टरांनीच दिलीय, मी काही मनानं — रात्रीची दिलीय, बरोबर. अर्धीच. वाचलंत वाटतं तुम्ही पाकिटावर. पण दुपारी ते दारावर डोकं आपटतात हो, शेजारीण सांगते, तिला टीव्ही ऐकू येत नाही म्हणे. हातात गोळी दिली की थुंकून टाकतात. साखरपाणी मात्र आवडीनं पितात, म्हणून मग त्यात, कुटून. चांगली ढवळायचे मी, पार दिसेनाशी होईपर्यंत. मला वाटलं विरघळली. आणि वाटावं कोणाला, तर मला — त्यांच्याच वर्गात बसून शिकलेय मी, ढवळलं म्हणजे विरघळलं असं नसतं, हे कितीदा ऐकलंय त्यांच्या तोंडून.

परवा ग्लास दिला आणि चपला घालायला वळले. मागे बघते तर वाटीवर रुमाल धरून पाणी गाळतायत. म्हटलं, बाबा, साखरपाणी आहे ते, गाळून काय मिळणार? तर म्हणाले, ‘‘बरोबर. साखर रुमालातून निघून जाते.’’ आणि रुमाल माझ्यासमोर धरला. पांढरा गाळ राहिला होता त्यावर. बोटानं चाचपला, जिभेला लावून बघितला, आणि मग माझ्याकडे नीट बघितलं, पूर्वी बघायचे ना, तसं.

‘‘छकुले,’’ म्हणाले, ‘‘ही साखर नाही.’’

छकुली म्हणायचे मला लहानपणी. कितीतरी दिवसांनी ओळखलं हो त्यांनी मला, आणि ओळखलं ते अशा वेळी. औषध आहे ते, म्हटलं. त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली. अजून तिथेच आहे, हात लावू देत नाहीत. माझ्या हातचं पाणी बंद ते तेव्हापासून.

आता हे तुम्ही डॉक्टरांना सांगत बसू नका. विचारलंत म्हणून बोलले मी. तुम्हीच बघा ना पाजून, परक्या माणसाचं ऐकतात — बघा, तोंड उघडलं, बघितलंत? द्या, हळूहळू द्या — थांबा. तो नको. टेबलावरचा ग्लास नको, मी आतून दुसरं पाणी आणते. सिस्टर, द्या इकडे. उजेडात धरून काय बघताय? आज मला कामावर जाणं भागच होतं हो. आणि दिसणार नाही तुम्हाला काही त्यात — गोळीतलं जे विरघळायचं ते विरघळू दिलं, बाकीचं या वेळी मी आधीच गाळून घेतलंय.