किल्ली प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या ताब्यात

नाही नाही, तुम्ही जेवा ना सर, उघडा डबा — मला भूक नाही, आणि बाकीचे खाली जेवायला गेलेत तोवरच बोलून घ्यायचंय. सकाळी तुम्ही विचारलंत ना, सौरऊर्जेच्या प्रशिक्षणात नर्स कशाला, आणि सगळे फिदीफिदी हसले? हसू द्या. आमच्या आरोग्य केंद्रात पाठवायला दुसरं माणूसच उरलं नाही, म्हणून मी. अहो, आमच्या गच्चीवर अख्खा संच बसवलाय — पॅनेल आहेत, बॅटऱ्या आहेत, सगळं तुमच्या मानकाप्रमाणे, फीत कापली, फोटो निघाले. चालू आहे का? तेच तर सांगतेय. कुलूप आहे त्याला. तुमच्याच मानकात आहे ना — दुपारी शिकवालच तुम्ही, मी आधीच वाचून आलेय — की संचाच्या खोलीची किल्ली प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्याच ताब्यात राहील? चांगला नियम आहे, मी नावं ठेवत नाही. विजेचं काम, येरागबाळ्यानं हात घातला तर जीव जायचा.

पण होतं काय — आमचा वायरमन, फ्यूज म्हणायचो आम्ही त्याला, जरा काही बोललं की उडायचा — तो पहिला शिकून आला. गळ्यात बिल्ला, खिशात किल्ली, नुसता मिरवत होता. चार दिवस संच चालला, आणि बदली! थेट मुख्यालयात! का? तर प्रशिक्षित माणसं किती झाली ते वर दाखवावं लागतं, आणि दाखवायला ती हाताशी असलेली बरी. मग काय, संच बंद करायचा, कुलूप घालायचं आणि किल्ली घेऊन जायचं — तेही नियमातच. मग कारकून बाई शिकून आल्या. किल्ली त्यांच्या नावावर झाली, आणि पाठोपाठ बदलीही आली. दैव देतं अन् कर्म नेतं म्हणतात, तसं. मग चौकीदार — चौकीदार, सर! — त्यालाही उचलला. आता तिघं तिकडे एका टेबलाला बसतात आणि आम्हाला नोटिसा धाडतात — संच बंद का ठेवला, खुलासा करा. खाली सही फ्यूजची! हसताय? हसा, मीही हसायचे.

हसायचे, म्हणजे — मागच्या थंडीपर्यंत. एक पोरगी आली बाळंत व्हायला. दिवस पुरते भरले नव्हते. बाळ एवढंसं, पण रडलं बरं का, चांगलं खणखणीत रडलं. ऊब देणाऱ्या पेटीत ठेवलं आणि वीज गेली. भर दुपारी. वर गच्चीवर लख्ख ऊन पडलंय, पॅनेल चमकताहेत, आणि खाली बाळ गार पडतंय. मोठ्या दवाखान्याची गाडी मागवली, ती वाटेत. आईच्या छातीशी धरलं, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, इतक्या वर्षांत जे जे शिकले ते सगळं केलं मी. मुलगा वर पळाला, पहारीनं त्या दारावर घाव घालत सुटला — धाड धाड, खाली ऐकू येत होतं — लोखंडी दार, जागचं हललं नाही. कोण मुलगा? माझा. माझा मुलगा, सर. बाळाचा बाप. ती पोरगी म्हणजे — आमची सूनच हो. जाऊ द्या, हे सांगायचं नव्हतं मला. गाडी आली, पण तोवर घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. नात होती. मुलगा मला एवढंच म्हणाला, "आई, तू तर इथलीच ना गं?" तेव्हापासून कामापुरतं बोलतो माझ्याशी. मुख्यालयानं मात्र तत्परता दाखवली — दाराला पोचे कसे आले म्हणून खुलासा मागवला, आणि आणखी जाड दार बसवून दिलं.

आता सूनबाईला पुन्हा दिवस गेलेत. हेही बाळ लवकर येईल म्हणतात, पुढच्याच महिन्यात. मोठा दवाखाना लांब, आणि तिला प्रवास अजिबात नको म्हणून बजावलंय. म्हणजे पुन्हा तीच खोली, तीच पेटी. म्हणून मी आपणहून नाव दिलं. इकडे आड तिकडे विहीर आहे, कळतं मला — प्रमाणपत्र नाही तर किल्ली नाही, आणि प्रमाणपत्र मिळालं की मीच तिथे नाही. पण तुमच्या हातात आहे ना? शिकवा मला, परीक्षा हवी तेवढी कडक घ्या, फक्त नाव वर कळवू नका. बाळ घरी येईपर्यंत. मग खुशाल करा बदली, म्हणाल तिथे जाईन. हात जोडते तुमच्यापुढे — असं काय बघताय? कळवलं? कधी? सकाळी, हजेरी घेतली तेव्हाच? सगळ्यांचीच नावं आपोआप जातात? म्हणजे ते सगळे मला हसत होते, तेव्हाच —

नाही, तुमचा काय दोष. तुम्ही नियमानं वागलात. जेवा, गार होतंय. म्हणजे किल्ली मिळणार मला, मिळणारच, त्यासाठीच रोज तुमचं मानक वाचत बसले होते मी — आणि ती पर्समध्ये घालून मी फ्यूजच्या शेजारी बसणार, आणि इकडे ती एकटी... काय सांगू हो मी सूनबाईला? — अगं बाई, पंखा थांबला. वीज गेली का? आणि जिन्यात आवाज येतोय, आले वाटतं सगळे. आता तुम्ही पडद्यावर कसं दाखवणार? पण या इमारतीवर आहेत की पॅनेल, येताना बघितली मी, छान पुसलेली. मग चालू करा ना तो संच. सर? अहो सर, किल्ली कुणाकडे आहे?

बरं. राहू द्या. खिडकी उघडते मी.