मॉलखालची विहीर

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात, औषधांच्या रांगेत, माझ्यापुढे एक आजी आणि एक निवृत्त कामगार बोलत होते.

“वाकडला आता तो मॉल हाय ना, तिथं आमचं हरभऱ्याचं वावर व्हतं.”

“मॉलच्या आधी तिथंच आमची कंपनी होती, मावशी. मी तीस वर्षं लेथ चालवली.”

“आता माझी नात तिथं कपडे विकती. वावरातली विहीर तुमी लगेच बुजवली असंल.”

“नाही हो. कंपनी बंद होईपर्यंत आम्ही तिचंच पाणी प्यायलो. गोड होतं.”

“आमच्या मालकांनी खणली व्हती ती. जमीन दिल्यापासनं तिचंच नाव काढत्यात.”

“कुठं असतात ते?”

“हितंच, वर तिसऱ्या मजल्यावर, खाटंवर. औषध घेतलं की चला माझ्यासंगं. तुमीच सांगा त्यांना.”