निऱ्या पाठीमागे असतात

सन्माननीय अध्यक्ष व आपल्या बँडचे प्रमुख पायपर श्री. ड्युगल्ड मॅकफी, प्रमुख पाहुण्या नगराध्यक्षा श्रीमती रेनी, आजच्या सत्कारमूर्ती एल्स्पेथबाई गेडिस, आणि इतकी वर्षं बॅगपाइपचा आवाज सोसूनही कान शाबूत राखलेल्या किर्कमोअरच्या बंधुभगिनींनो,

मी मोठा ढोल वाजवतो. ढोलवाल्याची जागा सर्वांत मागे. त्यामुळे आमच्या थोर मंडळींचे चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत. त्यांच्या किल्टच्या, कमरेच्या त्या लोकरी घागऱ्याच्या, निऱ्या मात्र तोंडपाठ आहेत. निऱ्या असतात पाठीमागे. ज्याच्या त्याला त्या कधी दिसत नाहीत. म्हणूनच का त्या आपोआप पडतात असं आपल्याला वाटतं?

बँडच्या किल्टना इस्त्री करायची ती एल्स्पेथबाईंनीच. त्या एकेक निरी जुळवून काठाशी पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका घालत. वर ओलं फडकं. इस्त्री टेकवायची, उचलायची, ओढायची नाही. आणि कापड निवण्याआधी बोट लावलंत तर फटका! मी खाल्लाय, अजून चव आठवते.

यंदा वसंतात समितीला बाईंच्या गुडघ्यांची दया आली. वाफेच्या इस्त्रीचं यंत्र आलं. गुडघ्यांबद्दल बाईंनी कधी तक्रार केली होती, कुणास ठाऊक! बैठकीत ड्युगल्ड म्हणाला, "इस्त्री करायला काय मोठी अक्कल लागते?"

"छे रे बाबा," बाई म्हणाल्या, "मग कर की!"

त्या दिवसापासून बाई बँडच्या हॉलकडे फिरकल्या नाहीत. नवरा गेल्यावर त्या या इस्त्रीच्या आधारानं उभ्या होत्या, हे गुडघ्यांची चौकशी करणाऱ्या कुणाला सुचलं नाही. त्यांना आरामखुर्ची भेट द्यायचं तेवढं सुचलं.

आजच्या मानवंदनेचे सगळे किल्ट ड्युगल्डनं स्वतः केले. मनापासून केले, खोटं कशाला बोलू? बाई टाके घालतात हे त्यानं पाहिलं होतं. ते मागाहून उसवायचे असतात, हे पाहायला तो कधी थांबला नव्हता.

मघाशी पायपर कसे आले, पाहिलंत ना? पाय बांधलेल्या शेळ्यांसारखे, वीतवीत पाऊल टाकत. पाहुण्याबाई म्हणाल्या, "ही संथ, भावव्याकूळ चाल मी विसरणार नाही." डोळेही पुसले त्यांनी. ढोलामागे मीही पुसले. माझं कारण निराळं होतं. व्यासपीठावरची मंडळी आदरापोटी उभी आहेत, असाही आपला समज असेल. असू द्या. बाईंनीच मला बजावलंय, "आर्ची, त्यांना बसू देऊ नकोस. ओढ बसली की निऱ्यांची केरसुणी होईल."

काय, ड्युगल्ड? मोठ्यानं बोल, मागच्या रांगेला ऐकू दे. तो म्हणतोय, "एल्स्पेथकाकू, सोमवारपासून याल का हो?"

बाईंनी पिशवीतून कात्री काढली आहे. त्या म्हणताहेत, "आधी वळ."

तेव्हा ती आरामखुर्ची कुणी मोटारीत चढवू नका. इस्त्रीच्या टेबलाशी नेऊन ठेवा. चहा करणाऱ्या आणि गोड स्कोन भाजणाऱ्या भगिनींचे, आणि पाहुण्याबाईंच्या अश्रूंचे मनःपूर्वक आभार. माझ्या बोलण्यात कुठं एखादा कच्चा टाका राहिला असेल, तर तो थोर मनानं आपणच उसवून घ्यावा.

आणि एक विनंती. बाईंचा हात फिरेपर्यंत व्यासपीठावरून कुणी हलू नये.