राईएवढं सोनं

२००३ साल होतं. मी अमेरिकेत चँडलरला मुलाकडे राहत होते. टायरच्या दुकानात गाडीची वाट पाहत बसले होते. पँट आणि टोपीत मी मराठी वाटले नसेन, कारण शेजारचं तरुण जोडपं खुशाल भांडत होतं.

“ज्ञानदा, ओढ्याच्या रस्त्यावर टायर फाटला. आता तरी हे बंद कर.”

“नवा बसवतायत ना? मग शनिवारी परत जाऊ.”

“डिपेंडंट व्हिसावर तुला काम करता येत नाही.”

“हौसेनं वाळू धुऊन सोनं शोधणं म्हणजे काम? मग रोज तुझा डबा करते ते काय आहे, सत्यजित?”

“मंडळात सगळे हसतात यार! इंजिनिअर बाई गुडघाभर पाण्यात थाळी हलवत बसते म्हणून.”

“हसू देत. मी घरात नुसती बसून होते, तेव्हा कोणी फिरकलं नाही.”

“आणि मिळालं किती? राईएवढं. दे, आईच्या अंगठीत घालू.”

“हात लावू नकोस. या देशात माझ्या हातांनी मिळवलेलं तेवढंच आहे. आईंना तुझ्या पगारातून कर.”

“मी गाडीच काढली नाही तर?”

“चालत जाईन.”

“शंभर मैल?”

“लवकर निघेन.”

पुढे मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली. सत्यजित दर शनिवारी गाडी काढायचा आणि काठावर कुरकुरत बसायचा. ग्रीन कार्ड आल्यावर ज्ञानदाला नोकरी लागली, तरी तिने ओढा सोडला नाही. एका शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. या वयात थंड पाण्यात उतरायचं नाही, असं मुलाने मला बजावलं होतं. मी उतरले.