टेकाळे हवालदारांची झिप

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका! घरात जागा कमी पडली, की आपण पहिल्यांदा काय बाहेर काढतो?

काय म्हणालात? अडगळ! वा! आमच्या टाळकरी बुवांनी झटकन सांगितलं! पण बुवा, अडगळ कुठली आणि ऐवज कुठला, हे ठरवायचं कोणी? आणि ठरवणाऱ्याचंच चुकलं तर?

एका माणसाला ह्याचं उत्तर मिळालं, ते देवळात नाही, पोथीत नाही — मोबाइलमध्ये! हसू नका! तोच मोबाइल आत्ता तुमच्याही खिशात आहे. त्या ताईंचा तर वाजतोयसुद्धा! असू द्या ताई, बंद करा, लाजू नका. ऐका.

बार्शीत बाजीराव टेकाळे नावाचे हवालदार होते. माणूस निवृत्त झालेला, मिशा मात्र अजून ड्यूटीवर! आणि आवाज? जत्रेत भोंगा बिघडला, की लोक टेकाळ्यांना शोधायचे! घरात ते आणि त्यांची बायको, अनसूयाबाई. लेक सासरी गेलेली. अनसूयाबाई सातवी शिकलेल्या, मनानं लोणी, पण तोंड अखंड चालू! भांड्यांशी बोलायच्या, मांजराशी बोलायच्या, दूध वर आलं की दुधालाही रागवायच्या — "थांब की जरा, कुठं पळायचंय तुला?"

आता निवृत्त माणसाचा दिवस कसा जातो? चहा, पेपर, परत चहा! तर त्या पेपरात एकदा आवाहन आलं — अंध मुलांना पुस्तकं वाचून द्यायला माणसं हवी आहेत. हवालदारांनी फोन लावला. त्यांच्या वाट्याला आली कावेरी घोडके. अंबाजोगाईला वसतिगृहात राहून बी.ए. करणारी पोर, जन्मापासून दृष्टी नाही. इतिहासाचं हे एवढं जाड पुस्तक, आणि ते ब्रेलमध्ये मिळेना.

"काका, तुम्ही फोनवर वाचा, रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. मी ऐकून अभ्यास करीन."

"करतो!" हवालदार म्हणाले. पलीकडं पोरीनं फोन कानापासून लांब धरला!

झालं! रोज सकाळी हवालदार मिशा पुसून बसायचे. "धडा पहिला! युरोपीय लोकांचं आगमन!" — जणू त्या युरोपीय लोकांना अटकच करायचीय! आणि मागून अनसूयाबाईंचं चालूच. फोडणी चर्रर्र! "अहो, पोळीबरोबर गूळ देऊ का?" तेही रेकॉर्ड! मांजराला हाकलणं, तेही रेकॉर्ड! पोर ऐकायची, धडे पाठ करायची. छान चाललं होतं.

पण एक दिवस मोबाइल म्हणाला — जागा शिल्लक नाही!

हवालदारांनी चौकशी सुरू केली. पोलीसच ना! आरोपी हवा! आणि आरोपी कोण सापडला? अनसूयाबाई!

"तुझ्या बडबडीनं फायली फुगल्या! मी वाचतो इतिहास आणि तू भरतेस गूळ!"

आता मला सांगा मंडळी, बायको गप्प बसली म्हणून मोबाइलमध्ये जागा होते का? अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग ते अर्ध्या तासाचंच! पण पुरुषाला एकदा कारण सापडलं, की खरं कारण शोधतो कोण! पुढचे सज्जन मान खाली घालून हसताहेत. चालू द्या.

"उद्यापासून मी वाचताना घरात आवाज नको. शब्द नको!"

 दुसऱ्या दिवशी फोडणी नाही, हाक नाही. बाई ओसरीवर जाऊन बसल्या. मग शेजारी जाऊन बसायला लागल्या. आणि एक दिवस पिशवी घेऊन दारात उभ्या — "करमाळ्याला भावाकडं जाऊन येते. तुमचं वाचन होऊ द्या निवांत."

"ये जाऊन," हवालदार म्हणाले. मान वर केली नाही.

घर शांत झालं. हवालदार खूश! शिवाय त्यांना मोबाइलवर एक ॲप सापडलं, आवाजाच्या फायली लहान करणारं. त्यात विचारलं होतं — किती लहान? हवालदारांनी बोट ठेवलं शेवटच्या खुणेवर. अगदी लहान! डोंगराएवढी फाइल गोळीएवढी झाली. मग काय, मूळचे धडे धडाधड पुसले. एक-दोन नाही, चांगले पाच! आणि गोळ्या दिल्या पाठवून अंबाजोगाईला.

दोन दिवसांनी संध्याकाळी कावेरीचा फोन. पोर कसनुशी बोलली.

"काका, राग मानू नका. पण तुम्ही रांजणात बसून वाचता का?"

"काय?"

"आवाज घुमतोय नुसता. 'होता' की 'नव्हता', कळत नाही. मी तहाच्या अटी उलट्या पाठ केल्या. मैत्रिणीनं पुस्तकात बघितलं म्हणून समजलं. काका, पुढच्या आठवड्यात पेपर आहे..."

हवालदारांच्या मिशा खाली आल्या!

"आणि काका... काकू कुठं आहेत?"

मंडळी, जिला दिसत नाही तिनं विचारलं! ज्याला दोन डोळे होते, त्यानं पिशवी घेऊन निघालेल्या बायकोकडं बघितलंही नव्हतं!

"काकू? आहेत की... भावाकडं गेल्यात."

"आधीच्या धड्यांत त्या असायच्या. मी इथं खोलीत एकटीच असते हो. फोडणीचा आवाज आला, की वाटायचं, कोणाच्या तरी घरात बसून अभ्यास करतेय. आता धडा संपला की पुढचा लावावासाच वाटत नाही."

 बार्शीतल्या भल्याभल्यांना दरडावणारा माणूस, पण एका पोरीपुढं स्वतःच आरोपी झाला. म्हणाले, "बाळ, जागा नव्हती गं. म्हणून लहान केलं."

"अहो काका, मग झिप करायचं!"

"जीप? जीपमध्ये आयुष्य गेलं माझं!"

"जीप नाही, झिप!" पोर खळखळून हसली. "तुमच्या त्या ॲपनं आवाजातला भाग काढून टाकला. तो गेला तो गेला, परत येत नाही. झिपमध्ये काहीच टाकत नाहीत. नुसती नीट घडी घालतात. मी इथं उघडलं, की जसंच्या तसं मिळतं."

आणि पोरीनं फोनवरून शिकवलं. स्वतःच्या मोबाइलमधलं, पडद्यावरचं वाचून सांगणारं बोलकं यंत्र ऐकत ऐकत, एकेक पायरी. फायलींच्या कप्प्यात जा. धड्यावर बोट दाबून धरा. बाकीचे निवडा. आता 'कॉम्प्रेस'वर बोट ठेवा.

"जागा नाही म्हणतंय!"

"काका, सुप्रभातची फुलं किती साठवलीत?"

मंडळी, गुलाबाची बाग निघाली! उगवता सूर्य तर शंभरएक! ती सगळी अडगळ हवालदारांनी जपून ठेवली होती! ती काढली, आणि पाठवायच्या राहिलेल्या जुन्या धड्यांचं गाठोडं झालं. पूर्वीपेक्षा जरासं लहान, सगळे धडे ओळीनं, एका गाठोड्यात. कावेरीनं ते उघडलं आणि ओरडली, "आलं! गुळासकट आलं!"

पण पुसलेले पाच? ते कुठून आणणार? परत वाचायचे!

हवालदारांनी आधी काय केलं असेल? पुस्तक उघडलं? नाही! सकाळची एसटी धरली आणि करमाळा गाठलं. मेहुण्याच्या अंगणात अनसूयाबाई शेंगा निवडत होत्या. हवालदार समोर उभे. टोपी हातात.

"का आलात? जेवणाचे हाल झाले का?"

"जेवण करतो मी माझं."

"मग?"

मंडळी, हा माणूस आयुष्यात कधी हळू आवाजात बोलला नव्हता. त्या दिवशी इतकं हळू बोलले, की बाईंना पुढं वाकावं लागलं.

"माझं चुकलं, अनसूया. घरात तुझा आवाज हवा. मलाही हवा."

बाईंनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. पदरानं डोळे पुसले. आणि मग काय! बार्शी येईपर्यंत एसटीत बोलत होत्या! हवालदार ऐकत होते. कंडक्टरनं हात जोडले, ह्यांनी नाही!

घरी येऊन वाचायला बसले. दोन धडे झाले, आणि घसा बसला! भोंगा बंद! आवाजच फुटेना. तीन धडे बाकी, पेपर परवावर. हवालदारांनी पुस्तक उचललं आणि बायकोपुढं धरलं.

"मी? अहो, मला मेलीला काय येतंय?"

हवालदारांनी नुसते हात जोडले.

अनसूयाबाईंनी चष्मा लावला. बोट ठेवून, अडखळत, एकेक ओळ वाचायला लागल्या. प्लासीची लढाई आली. "मीर जाफर लढाईत उतरलाच नाही..." बाई थांबल्या. "म्हणजे ऐन वेळी दगा दिला मेल्यानं! कावेरी बाळा, ह्याचं नाव लक्षात ठेव हं." सगळं रेकॉर्ड! आणि हवालदार? हवालदार शेजारी बसून पुस्तकाची पानं उलटत होते. बायकोला पाणी देत होते. वाचून झालेले धडे निवडून, बोट दाबून, झिप करत होते.

कावेरीनं पेपर दिला. ती सांगत गेली, लेखनिक लिहीत गेला. नेमका प्लासीवर प्रश्न! बाहेर येऊन तिनं पहिला फोन बार्शीला लावला. "काकू, मीर जाफर आला होता!" पास झाली पोर, चांगल्या गुणांनी. आणि पुढच्या वर्षीचं राज्यशास्त्र कोणी वाचायचं? पोर म्हणाली, "काकूंनी. काका अधूनमधून चालतील!"

मंडळी, यशोदेनं बाळकृष्णाचं तोंड उघडून बघितलं. एवढंसं तोंड! त्यात अवघं ब्रह्मांड. जागा कमी म्हणून देवानं एखादी चांदणी बाहेर ठेवली होती का? एखादी मुंगी? मग आपल्यालाच का हो जागा पुरत नाही? तीन खोल्यांच्या घरात म्हाताऱ्या सासऱ्याचं खोकणं मावत नाही! सुनेचं हसणं मावत नाही! पोराचा एक प्रश्न मावत नाही — "गप्प बस!" म्हणतो आपण, आणि पुसून टाकतो. पुसलेलं परत येत नाही बाबांनो! हवालदारांच्या पाच धड्यांचं पुस्तक तरी शिल्लक होतं. माणसाचं कुठं असतं?

म्हणून एवढंच मागतो. प्रसाद घ्या, सावकाश घरी जा. आणि तुम्ही गप्प केलेलं जे कोणी घरात आहे, त्याच्याजवळ जाऊन बसा. मोबाइल बाजूला ठेवा. काही शिकवू नका, समजावू नका. नुसतं म्हणा, "बोल. मी ऐकतोय."

पांडुरंग ऐकेलच. आधी तुम्ही ऐका!