तुरीची सोयरीक

यंदाही कापसानं दगा दिलेला. वावरातल्या तुरीवरच भिस्त ठेवून मैनाबाई दारव्ह्याच्या स्टँडवर जीपमध्ये बसून ती भरायची वाट पाहत होती. समोर जफर मिस्त्री आणि कॉलेजात शिकणारी त्यांची लेक कशफ. कशफच्या मांडीवर बर्फाचा डबा.

“कुल्फी हाय का त्यात?” मिस्त्रीनं चिडवलं.

“तुरीची पानं हायेत अब्बा, तुमाले माहीत हाय.”

“त्यात काय पाहतं?”

“पानातल्या हिरव्या कणायचे स्वतःचे जीन असतात. काही जीन हमाल बनवतात. प्रथिन बांधाले लागते तो माल ते एकेक करून आणतात. ट्रान्सफर आरएनए म्हणतात त्यायले.”

“मोंढ्यात हमाल कमी हायेत का?”

“तूर, मूग, हरभरा, साऱ्यायचे जीन जुळवले की कोण कोणाच्या नात्यातलं ते समजते.”

“म्हणजे सोयरीकच पाहून राह्यली. मंग तुले मागणी घालणाऱ्या दिग्रसवाल्यायची काहून नाही पाहत?”

कशफनं डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मैनाबाई बाहेर पाहू लागली. कान मात्र आतच.

“ते आलते का?”

“काल आलते. पोरगी काय करते म्हणे. म्या सांगतलं, तुरीचे हमाल शोधते.”

“हसले असतील.”

“हसले. निकाहानंतर हे बंद करा लागन म्हणे.”

“मंग?”

“मंग काय. म्हटलं, चहा पिऊन घ्या लवकर, दिग्रसची जीप निघून राह्यली.”